बॅग भरण्याआधी औषधांची पिशवी

दिवाळी उरकली की नांदेड-लातूरच्या काही घरांत हल्ली एक नवीनच लगबग सुरू होते. मुलगी किंवा मुलगा जर्मनीत नोकरीला, नाताळात ‘सगळेच या, बर्फ बघायला’ असा त्यांचा आग्रह, आणि इकडे जाकिटे, हातमोजे, बुटांची खरेदी. मराठवाड्यातली मुले शिकून म्युनिक, स्टुटगार्ट, फ्रँकफर्टला जाऊ लागली त्याला आता बरीच वर्षे झाली. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हा ही ये-जा पुढे वाढेल अशीच चिन्हे आहेत. नोकरीला गेलेले पोर पंचविशी-तिशीचे असते. त्याच्यामागून पंधरा दिवसांसाठी जे निघतात त्यांत साठी ओलांडलेले आई-वडील असतात आणि शाळकरी नातवंडेही. थंडी या दोन्ही टोकांनाच अधिक झोंबते.

असे एक घर डोळ्यासमोर आणू. आजी-आजोबा नांदेडचे, मुलगा-सून आणि सात वर्षांचा नातू लातूरला, आत्या म्युनिकमध्ये. आजोबांना चौदा वर्षांचा मधुमेह, रात्री इन्सुलिन, तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. आजींना रक्तदाब आणि गुडघेदुखी. नातवाला थंडीच्या दिवसांत छातीत घरघर होते. हे घर काल्पनिक असले तरी बाह्यरुग्ण विभागात रोज भेटते. अशा घरात सहलीचा आराखडा साधारणपणे स्थळांवरून आखला जातो: पहिल्या दिवशी हे, दुसऱ्या दिवशी ते. तो घरातल्या सर्वांत नाजूक शरीरावरून आखला, तर स्थळे एखाद-दोन कमी होतील, पण पंधरा दिवस रुग्णालयाच्या दाराशी जाण्याची वेळ बहुधा येणार नाही.

मराठवाड्यातल्या शरीराला उन्हाळ्याची सवय असते. मे महिन्यातले बेचाळीस-त्रेचाळीस अंश ते सोसते. डिसेंबरात पहाटे पारा दहा-बारापर्यंत उतरला की आपण शेकोटी पेटवतो. म्युनिकमध्ये डिसेंबरअखेर दिवसाही पारा शून्याच्या आसपास रेंगाळतो आणि रात्री त्याच्या खाली जातो. अशा हवेत पाऊल टाकताच शरीर पहिले काम करते ते त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आवळून घेण्याचे, म्हणजे आतली ऊब बाहेर जाऊ नये. त्याने रक्तदाब वाढतो, हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. निरोगी माणसाला हे कळतही नाही. ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद आहेत त्याला चढावर चालताना छातीत दाटून येऊ शकते. स्वीडनमध्ये १९९८ ते २०१३ या सोळा वर्षांतल्या २ लाख ७४ हजार हृदयविकाराच्या झटक्यांची नोंद त्या त्या दिवसाच्या हवामानाशी ताडून पाहिली गेली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पारा शून्याखाली असलेल्या दिवशी झटक्यांचे प्रमाण सर्वाधिक दिसले. स्वीडनचे लोक तर जन्मापासून थंडीत राहणारे.

याचा अर्थ अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाने जाऊच नये असा नाही. आजोबांची तब्येत वर्षभर स्थिर असेल, दोन जिने न थांबता चढता येत असतील, छातीत दुखत नसेल, तर ते जाऊ शकतात. पण हे तिकीट काढण्याआधी तपासायला हवे. दोन महिने आधी, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास, एकदा नीट तपासणी व्हावी: रक्तदाब, ईसीजी, तीन महिन्यांची सरासरी साखर, मूत्रपिंडाच्या चाचण्या, डोळ्यांचे पडदे आणि पावले. गोळ्यांत काही बदल करायचा असेल तर तो इथेच करून महिनाभर त्याचा परिणाम पाहता येतो. निघण्याच्या आठवड्यात बदललेली गोळी परदेशात त्रास देते. ज्यांना गेल्या काही आठवड्यांत झटका येऊन गेला आहे, ज्यांचा दम थोड्या चालण्यानेही लागतो किंवा पायावर सूज आहे, त्यांनी हा हिवाळा सोडून द्यावा.

मराठी माणसाला जर्मनीचा हिवाळा अगदीच नवा नाही. इरावती कर्वे नोव्हेंबर १९२८ मध्ये मानववंशशास्त्र शिकायला बर्लिनला निघाल्या, तेव्हा त्या जेमतेम तेविशीत पोचत होत्या. जर्मनीत आजवर अधिकृतपणे नोंदलेले सर्वांत कमी तापमान त्याच हिवाळ्यातले आहे: १२ फेब्रुवारी १९२९, बव्हेरियातल्या वोल्नझाखजवळ, उणे ३७.८ अंश. त्या तिथे दोन वर्षे राहून, पदवी घेऊन परतल्या. मात्र त्या तरुण होत्या आणि शरीराला थंडीशी जुळवून घ्यायला त्यांच्याकडे महिने होते. आपल्या आजोबांकडे पंधरा दिवस आहेत, आणि पहिल्याच संध्याकाळी त्यांना बाजार दाखवायला न्यायचा बेत ठरलेला असतो. पहिले दोन दिवस घरात, थोडे फिरणे दुपारी, एवढे जरी पाळले तरी बरेच साधते.

आता इन्सुलिनकडे वळू, कारण गडबड सर्वांत जास्त इथे होते.

नांदेडमध्ये इन्सुलिनची काळजी म्हणजे ते उन्हापासून वाचवणे. फ्रीज नसेल तर माठाजवळ, ओल्या फडक्यात ठेवायचे, हे घरोघरी ठाऊक आहे. जर्मनीत काळजी उलटी होते. इन्सुलिन एकदा गोठले की ते निकामी होते, आणि पुन्हा वितळल्यावर दिसायला पूर्वीसारखेच दिसू शकते. म्हणून ते विमानाच्या सामानकक्षात जाणाऱ्या मोठ्या बॅगेत कधीही टाकू नये. हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावे. औषधांना द्रवपदार्थांची शंभर मिलिलिटरची मर्यादा लागू होत नाही. तिथे बाहेर फिरताना पेन जाकिटाच्या बाहेरच्या खिशात न ठेवता आतल्या, अंगालगतच्या खिशात ठेवावे. खिडकीच्या बाहेरच्या कठड्यावर ‘नैसर्गिक फ्रीज’ म्हणून ठेवण्याचा मोह टाळावा. घरातल्या फ्रीजमध्येही मागच्या भिंतीला टेकवू नये. वापरात काढलेले पेन साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानात चालते, म्हणून पंधरा दिवसांच्या सहलीत ते फ्रीजमध्ये ठेवण्याची गरजही पडत नाही. न उघडलेले तेवढे फ्रीजमध्ये राहू द्यावे. दुप्पट साठा न्यावा आणि तो दोन वेगवेगळ्या माणसांच्या हातबॅगांत विभागून द्यावा.

दुसरी अडचण घड्याळाची. हिवाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. उन्हाळ्यात हा फरक साडेतीन तासांचा असतो. जाताना दिवस लांबतो. आजोबा रात्री दहाला दीर्घकाळ चालणारे इन्सुलिन घेत असतील, तर म्युनिकमध्ये रात्री दहा वाजेपर्यंत आधीच्या डोसाला साडेअठ्ठावीस तास झालेले असतील. साखर थोडी वाढेल. सहसा ते भागवून नेता येते. परतीचा प्रवास अधिक जपण्याचा. येताना दिवस आखडतो, दोन डोसांत साडेएकोणीस तासांचेच अंतर राहते, दोन्हींचा परिणाम एकमेकांवर चढतो आणि साखर उतरण्याची भीती निर्माण होते. त्यातून विमानात जेवण कमी गेले असेल तर जास्तच. म्हणून जाण्याच्या आणि येण्याच्या, दोन्ही दिवसांचे डोस डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावेत, तेही भारतीय आणि जर्मन अशा दोन्ही वेळांत. फोनवर विचारू म्हटले, तर तिथे संध्याकाळचे सात म्हणजे इथे रात्रीचे साडेअकरा.

साखर उतरण्याबद्दल आणखी एक गोष्ट. साखर कमी झाल्याची ओळख आपण कशावरून करतो? हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते. शून्य अंशाच्या थंडीत सगळेच थरथरतात. घाम तीन थरांच्या कपड्यांखाली लपतो. आणि झटक्यानंतर दिल्या जाणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्या धडधड दाबून टाकतात. त्यामुळे आजोबा गप्प झाले, चिडचिड करू लागले किंवा बोलताना शब्द चुकू लागले, तर थंडीवर खापर फोडण्याआधी साखर मोजावी. मोजायलाही बोट गार असून चालत नाही. गार बोटातून पुरेसे रक्त येत नाही, आणि बहुतेक ग्लुकोमीटर साधारण दहा अंशांच्या खाली नीट चालत नाहीत. एखाद्या दुकानात किंवा उपाहारगृहात शिरून, हात कोमट करून मग मोजावे. मीटर हाताशी नसेल तर वाट न पाहता साखर खाऊ घालावी. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साध्या साखरेच्या पुड्या असाव्यात. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनाही हे सारे लागू आहे, कारण सहलीत माणूस घरच्यापेक्षा तिप्पट चालतो आणि जेवणाची वेळ हमखास टळते.

नाताळच्या बाजारात वाफाळती ग्लूवाइन मिळते. ती गरम केलेली, मसाला घातलेली वाइन असते. तिने ऊब आल्यासारखे वाटते, पण दारूने त्वचेतल्या रक्तवाहिन्या फुलतात आणि शरीरातली उष्णता उलट बाहेर जाते. मधुमेहाच्या औषधांवर असलेल्या माणसाची साखर तिने उतरू शकते. त्याच दुकानात दारूविना ‘किंडरपुन्श’ही मिळतो, फळांच्या रसाचा. तोही गोड असतो, हे मात्र आजोबांनी लक्षात ठेवावे.

मधुमेहाने पायांच्या नसा बधिर झालेल्यांना गारठा कळत नाही, चटकाही कळत नाही. आपल्याकडे शेकोटीवर पाय शेकताना भाजलेले मधुमेही दर हिवाळ्यात येतात. जर्मन घरांत खिडकीखाली गरम पाण्याने तापणाऱ्या लोखंडी पट्ट्या असतात. बाहेरून आल्यावर त्यांना पाय टेकवून बसावेसे वाटते. तसे करू नये. गरम पाण्याची पिशवीही पायांना लावू नये. लोकरीचे मोजे, आणि बूट निघण्याच्या महिनाभर आधी घेऊन लातूरच्याच रस्त्यांवर रोज तासभर घालून मोडलेले. रोज रात्री तळवे उजेडात, लागल्यास आरशात पाहावेत. पायाला फोड आला तर सहलीतल्या चालण्याला तिथेच लगाम घालावा.

कपड्यांबद्दल फार सांगायला नको, आत्या सगळे सांगेल. फक्त एक सवय बदलायला हवी. आपण थंडीत सुती कपडे एकावर एक चढवतो. सुती कापड घाम शोषते, ओले राहते आणि मग तेच अंग गार करते. अंगालगत लोकरीचा किंवा थर्मलचा पातळ थर, त्यावर स्वेटर, सर्वांत बाहेर वारा आणि पाणी अडवणारे जाकीट. आपल्या धनगरांच्या घोंगडीचे तत्त्व हेच आहे: लोकर भिजली तरी ऊब धरते. आजींना साडीच नेसायची असेल तर खुशाल नेसावी, खाली थर्मल आणि लोकरी मोजे असले म्हणजे झाले. काठ जमिनीला लागून भिजणार नाही, पायात अडकणार नाही, एवढे बघावे. डोके, कान आणि नाक-तोंड झाकलेले असावे. माकडटोपीला मुले हसतील, हसू द्यावे. घरात शिरल्यावर मात्र थर लगेच उतरवावेत, कारण आत वीस-बावीस अंश असतात आणि बाहेर जाताना घामेजलेले अंग घेऊन जाणे वाईट.

प्रवासाची सुरुवात नांदेड स्थानकावरून होते, हे विमानाच्या तिकिटाकडे पाहताना विसरले जाते. देवगिरीने किंवा लातूर एक्सप्रेसने रात्रभर मुंबई, मग विमानतळावर तीन-चार तास, मग साधारण नऊ तासांचे उड्डाण. एकूण दिवस-रात्र मिळून माणूस बसूनच असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तासांहून अधिक काळ बसून प्रवास केल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. निरोगी माणसात तो तरीही सहा हजारांत एक एवढाच असतो. पण लठ्ठपणा, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, कर्करोग, पूर्वी झालेली गुठळी, गर्भनिरोधक गोळ्या यांनी तो वाढतो. शक्य असेल तर मुंबईत एक रात्र मुक्काम करावा. विमानात दर तासाला उठून चार पावले चालावीत, बसल्या जागी टाचा वर-खाली कराव्यात, पाणी पीत राहावे. झोपेची गोळी घेऊन नऊ तास आकसून झोपू नये. स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन सुरू करू नये. ज्यांना धोका जास्त आहे त्यांच्यासाठी दाब देणारे मोजे किंवा इंजेक्शन हा डॉक्टरांचा निर्णय. प्रवासानंतरच्या काही आठवड्यांत एकाच पोटरीला सूज, दुखणे किंवा अचानक दम लागणे दिसले तर ते थकव्यावर ढकलू नये.

आजींना सर्वांत मोठी भीती बर्फाची, आणि ती बरोबर आहे. सिनेमातला भुसभुशीत बर्फ शहरांत डिसेंबरात पडेलच असे नाही. पदपथावर गोठलेल्या पाण्याचा दिसतच नाही असा पातळ, काळपट थर मात्र सकाळ-संध्याकाळ असतो. माणूस त्यावर घसरतो आणि हात टेकवताना मनगट मोडते. जर्मनीतल्या अस्थिरोगतज्ज्ञांच्या संघटनेने अशा रस्त्यांवर पेंग्विनसारखे चालण्याचा सल्ला दिलेला आहे: पाय थोडे फाकलेले, अंग पुढे झुकलेले, पाऊल छोटे आणि पूर्ण टेकवलेले. हसण्यासारखे दिसते, पण भार पुढच्या पायावर राहिल्याने तोल सांभाळला जातो. आजींनी ते नांदेडच्या अंगणात आठ दिवस करून पाहावे. खोल खाचांचे रबरी तळ असलेले बूट आणि एका हातात काठी, दोन्ही हात खिशात कधीही नाहीत. चाळिशीनंतरच्या आपल्या अनेक बायकांची हाडे आधीच ठिसूळ झालेली असतात. एवढ्या उन्हात राहूनही ड जीवनसत्त्व कमी निघते. तपासणीत तेही पाहून घ्यावे.

दिवस लवकर मावळतो याचाही हिशेब ठेवावा. २२ डिसेंबरच्या सुमारास बर्लिनमध्ये सूर्य सव्वाआठला उगवतो आणि चारच्या आत मावळतो. म्युनिकमध्ये थोडा अधिक, साधारण सव्वाआठ तासांचा दिवस. नांदेडचा सर्वांत लहान दिवसही जवळपास अकरा तासांचा असतो. पहिल्या काही पहाटे दोन-तीनलाच जाग येईल, कारण शरीराच्या लेखी तेव्हा सकाळचे सात वाजलेले असतात. अंधारात उठून बाहेर पडू नये. फिरणे अकरा ते तीनमध्ये, म्हणजे उजेड, त्यातल्या त्यात बरे तापमान आणि वितळलेला रस्ता, तिन्ही मिळतात. भर उजेडात चालल्याने झोपेचे घड्याळही लवकर जुळते.

बर्फच बघायचा म्हणून अनेक कुटुंबे त्सुगश्पिट्सेला जातात. जर्मनीचे हे सर्वोच्च शिखर २,९६२ मीटरचे, आणि आइब्से तळ्यापासूनचा पाळणा सुमारे दहा मिनिटांत १,९५० मीटर वर नेऊन ठेवतो. तिथे हवेचा दाब, आणि त्यामुळे प्रत्येक श्वासातला प्राणवायू, समुद्रसपाटीच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास असतो. शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. आजोबांनी हा पाळणा चढायचा की खाली तळ्याकाठी चहा घेत बसायचे, हे हृदयरोगतज्ज्ञांना आधी विचारून ठेवावे. वर गेल्यावर विचारता येत नाही.

तारखांचीही एक गंमत आहे. ड्रेस्डेनचा नाताळचा बाजार १४३४ पासून भरतो आणि अशा बाजारांसाठीच लोक डिसेंबरात जातात. पण बहुतेक बाजार २३-२४ डिसेंबरला उठतात. शाळेची सुट्टी धरून २४ ला पोचणाऱ्याला रिकामे चौक दिसतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे २४ ला दुपारी दुकाने बंद होतात, २५ आणि २६ पूर्ण बंद, आणि मध्ये रविवार आला तर तोही बंद. १ जानेवारीही सुट्टीच, आणि बव्हेरियात ६ जानेवारीसुद्धा. आपल्याकडे कोपऱ्यावरचे मेडिकल रात्री अकराला उघडे असते, नाव सांगितले की गोळी मिळते. जर्मनीत साधी पॅरासिटामोलही किराणा दुकानात मिळत नाही, तिला औषधाच्या दुकानातच जावे लागते. लाल रंगाचे मोठे ‘ए’ अक्षर ही त्या दुकानाची, ‘आपोथेके’ची खूण. प्रतिजैविके तर चिठ्ठीशिवाय अजिबात नाहीत, आणि भारतातली चिठ्ठी तिथे चालेलच असे नाही. सुट्टीच्या दिवशी पाळीने एखादे दुकान उघडे असते. कोणते, ते बंद दुकानाच्या दारावर लिहिलेले असते. अचानक जिवावर बेतले तर ११२ हा क्रमांक. डॉक्टर हवा आहे पण जीव धोक्यात नाही, दवाखाने बंद आहेत, अशा वेळी ११६११७. हे दोन्ही आकडे आजींच्या फोनमध्येही असावेत.

म्हणून औषधांची पिशवी इथूनच भरून न्यायची. जर्मनीचे सीमाशुल्क खाते स्वतःच्या वापरासाठी साधारण तीन महिन्यांपुरता साठा आणू देते. गोळ्या मूळ पट्टीतच असाव्यात. आठवड्याच्या डबीत सुट्या करून नेल्या तर त्या कसल्या हे कुणालाच सांगता येत नाही. झोपेच्या, तीव्र वेदनाशामक आणि मानसिक आजारांवरच्या काही औषधांना कडक नियम आहेत, त्यांची चौकशी आधी करावी. सोबत एक टंकलिखित कागद हवा: आजार, झालेल्या शस्त्रक्रिया, स्टेंटची तारीख, ॲलर्जी, रक्तगट आणि प्रत्येक औषधाचे मूळ नाव. कंपनीचे नाव तिथल्या डॉक्टरला काहीच सांगत नाही. शासकीय रुग्णालयातली बाह्यरुग्ण चिठ्ठी छोटी असते आणि गर्दीत घाईने लिहिलेली असते. तिच्यावर भागवू नये, असा कागद वेगळा मागून घ्यावा. नेहमीच्या औषधांसोबत ताप, जुलाब, उलटी, सर्दीची औषधे, क्षारसंजीवनी आणि पेट्रोलियम जेली. खोबरेल तेल तिथे थिजून बसते. आणि तापवलेल्या खोल्यांतल्या कोरड्या हवेने ओठ-टाचा फुटतात, नाकातून रक्तही येते.

व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचा, म्हणजे तीस लाख रुपयांच्या आसपासचा, वैद्यकीय विमा सक्तीचा असतो. तो काढतात सगळे, वाचत कुणी नाही. अनेक पॉलिसींत आधीपासूनचे आजार वगळलेले असतात किंवा फक्त जीव वाचवण्यापुरता, तोही ठरावीक मर्यादेपर्यंतचा खर्च दिला जातो. आजोबांना मधुमेह आणि स्टेंट आहे हे अर्जात लपवले तर हप्ता कमी बसतो. झटका आला की तेच कारण दाखवून दावा नाकारला जाऊ शकतो, आणि मग अतिदक्षता विभागाचे बिल आत्याच्या पगारातून भरावे लागते. थोडा महाग पण आधीचे आजार धरणारा विमा घ्यावा. व्हिसाचा अर्ज सहलीच्या सहा महिने आधीपासून करता येतो. शेवटच्या पंधरा दिवसांची वाट पाहू नये.

लसीकरणात दोन गोष्टी. उत्तर गोलार्धात फ्लूची लाट डिसेंबर-जानेवारीत उठते, आणि विमान, बाजार, बंद खोल्या अशी सगळी गर्दीची ठिकाणे सहलीतच असतात. फ्लूची लस जाण्याच्या किमान दोन आठवडे आधी घरातल्या सर्वांनी घ्यावी. ती सरकारच्या नियमित लसीकरण कार्यक्रमात नाही, विकत घ्यावी लागते. साठीच्या पुढच्यांनी, मधुमेही आणि हृदयरुग्णांनी न्यूमोकॉकलचीही विचारणा करावी. नातवाच्या गोवर-रुबेलाच्या दोन्ही मात्रा झाल्या आहेत का, ते कार्डावर पाहून घ्यावे.

नातवाची घरघर कोरड्या, गार हवेने वाढते. नाका-तोंडावर मफलर घेतल्याने आत जाणारी हवा थोडी उबदार आणि दमट होते. इनहेलरही अंगालगतच्या खिशात हवा, कारण गारठलेल्या डबीतून औषध नीट फवारले जात नाही. ३१ डिसेंबरच्या रात्री जर्मन लोक आपल्या दिवाळीला मागे टाकतील इतके फटाके उडवतात. ती मजा त्याने बंद खिडकीतून बघावी. गाडीत बसताना जाड जाकीट काढून मगच पट्टा लावावा. फुगलेल्या जाकिटावरून पट्टा सैल बसतो आणि अपघातात मूल त्यातून निसटू शकते. जाकीट वरून पांघरता येते.

खाण्याचे म्हणाल, तर युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप, खवा, पेढे विमानतळावरच काढून घेतले जातात. कढीपत्त्याच्या जुड्याही नकोत. ज्वारीचे पीठ, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, लातूरची तूरडाळ मात्र खुशाल न्यावी. ठरल्या वेळी भाकरी-वरण मिळाले तर आजोबांची साखर निम्मी तिथेच ताब्यात राहते. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी कमी पिले जाते आणि लघवीची गोळी घेणाऱ्यांना चक्कर येते. नळाचे पाणी पिण्याजोगे असते, बाटल्या विकत घ्यायची गरज नाही.

ऑक्टोबरच्या तपासणीत डॉक्टरांनी ‘या हिवाळ्यात नको’ म्हटले, तर सहल रद्द होत नाही, पुढे ढकलली जाते. म्हणून पहिले तिकीट तारीख बदलता येणारे घ्यावे. मेच्या सुट्टीत नांदेडला त्रेचाळीस अंश असतात तेव्हा म्युनिकमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो, दिवसा विशीच्या आसपास तापमान आणि रस्ते कोरडे. त्सुगश्पिट्सेवर तेव्हाही बर्फ असतो.